भोंग्याचा आवाज

बसा अंधारातच, मामा, तूही बस, दिवा लावला की डास येतात. तुमचं गाण्याचं रेकॉर्डिंग काय, उद्या दिवसाही होईल. रात्री शांतता असते म्हणता, ते खरंच आहे. पण त्या शांततेत काय काय असतं ते एकदा ऐकून घ्या आणि मग ठरवा. माझ्या बाबतीत काही घडलं नाही, मी आपला सायकली दुरुस्त करणारा माणूस. घडलं ते माझ्या शेजारच्या दुकानातल्या धाकट्याच्या बाबतीत. त्यानं ते मला एकदा नाही, चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. थापा मारणारा माणूस दर खेपेला थोडी भर घालतो. हा घालत नव्हता.

दोघा भावांचं चष्म्याचं दुकान. पुढे काउंटर, मागे काच घासायचं मशीन, पहिल्या मजल्यावर घर आणि सगळ्यात वर, गच्चीवर, एक खोली. आईवडील लवकर गेले. दादाला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं आणि धाकटा शाळेत. दादानंच त्याला वाढवला. डबा भरून दिला, वेणीफणी तेवढी करायची राहिली म्हणा. पोराला ताप आला तर हा रात्रभर उशाशी बसलेला मी पाहिलाय. लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायचा, "एक पोर आहे मला. पुरे आहे."

धाकट्याला गाण्याचं वेड. गिटार सुरेख वाजवायचा, चाली लावायचा. पण गळा म्हणाल तर गंजलेली चेन. तेल घातलं तरी कुरकुरणारच. म्हणून त्याला दुसऱ्याचा गळा लागायचा, आणि तो गळा होता भोंग्याचा.

भोंगा लिफ्टचा मेकॅनिक. धाकट्याचा शाळेपासूनचा मित्र. शाळेत प्रार्थना म्हणायला लागला की पलीकडच्या इमारतीतल्या मास्तरांना ऐकू जायचं, तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. पण आवाज नुसता मोठा नव्हता, गोड होता. लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून गुणगुणला तरी वरच्या मजल्यावरच्या बायका दार उघडून बघायच्या.

गच्चीवरच्या खोलीत या दोघांचा संसार. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीला घोंगडी, टेबलावर लॅपटॉप. आणि गंमत बघा, तो लॅपटॉप दादानंच आणून दिला होता, धाकट्याच्या वाढदिवसाला. म्हणाला, "बाहेर कुठं भटकण्यापेक्षा घरात बसून काय तो गोंधळ घाला." मग दर रविवारी गोंधळ. आधी धाकटा गिटार भरायचा, मग भोंगा हेडफोन घालून त्यावर गायचा. प्रत्येक आवाजाची पडद्यावर वेगळी रेघ. आवाज मोठा तर रेघ डोंगरासारखी उठणार, आवाज नाही तर सपाट. गाणं संपलं की भोंगा श्वास घ्यायचा आणि विचारायचा, "कसं झालं?" धाकटा म्हणायचा, "ठीक." यापेक्षा जास्त कौतुक त्यानं कधी केलं नाही. भोंग्यालाही लागायचं नाही. मित्रांचं असंच असतं.

पाच-सहा वर्षांत मोजकी गाणी झाली, पण झाली ती सोन्यासारखी. मग दोघांनी ठरवलं, मोठ्या शहरात जायचं. तिथल्या एका गाण्याच्या कंपनीतल्या माणसानं दोन गाणी ऐकून बोलावलं होतं. धाकट्यानं घाबरत घाबरत दादाला सांगितलं. दादा चष्म्याची काच पुसत बसला. शेवटी म्हणाला, "बघ बाबा. तुझं आयुष्य आहे."

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. एक गिऱ्हाईक काउंटरवर बसलं होतं, नंबर तपासून घ्यायला. त्याच्या मोबाइलवर गाणं वाजत होतं. धाकट्याच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. त्याची चाल. त्याची गिटार. भोंग्याचा आवाज.

"कुठं मिळालं हे?"

"इंटरनेटवर आहे की. सगळीच आहेत. नवीन पोरगा दिसतो."

धाकट्यानं बघितलं. सगळीच होती. वर भोंग्याचा फोटो. गायक भोंगा, संगीत भोंग्याचं, शब्दसुद्धा भोंग्याचे. धाकट्याचं नाव कुठंच नाही. औषधालासुद्धा नाही.

संध्याकाळी भोंगा धावत आला. त्यालाही कोणीतरी सांगितलं होतं. "चष्म्या, मला खरंच काही माहीत नाही," म्हणाला. धाकट्याला तो चष्म्याच म्हणायचा.

"नाव तुझं, फोटो तुझा, गळा तुझा. आणि तुलाच माहीत नाही?"

"आईशपथ. मी नाही दिली गाणी."

"लॅपटॉप तुला आणि मला सोडून कोण उघडतं रे?"

त्याला तरी काय माहीत. धाकटा म्हणाला, "केसानं गळा कापलास माझा. पुन्हा तोंड दाखवू नकोस." भर बाजारात म्हणाला. मी माझ्या दुकानात चाकाची हवा बघत होतो, मी ऐकलं.

कंपनीतल्या माणसानंही ते बघितलं आणि फोन घेणं बंद केलं. भांडणाची गाणी कोण घेणार? शहर राहिलं बाजूला. गाणी तिथं नेटवर पडून राहिली, कोणी फार ऐकलीही नाहीत. भोंगा त्यानंतर गायला म्हणून कोणी सांगत नाही. लॅपटॉप मिटला. दादानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. माणूस ओळखायला शिक. आपलं ते आपलंच असतं." धाकटा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

पुढं काय झालं, तर भोंग्याच्या गळ्यात गाठ निघाली. कसली ते सांगायला नको. मोठं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. म्हणजे गेलाच, कुजबुजसुद्धा नाही. शेवटचे काही महिने खुणांनी बोलायचा. मग तो गेला. धाकटा मातीला गेला नाही. दुकान मात्र त्या दिवशी त्यानं उघडलं नाही, मशीनपाशी नुसता बसून राहिला.

इथवर झाली नुसती हकिकत. आता गोष्ट.

मार्च महिना. गुरुवार. अमावस्या नव्हती की पौर्णिमा नव्हती, उगाच मीठमसाला लावत नाही मी. दुपारी भोंग्याची आई दुकानात आली. धाकट्याला वाटलं चष्मा तुटला असेल. पण काकू काउंटरपाशी उभ्याच राहिल्या.

"बाळा, एक काम होतं."

"बोला काकू."

"त्याचा आवाज तुझ्याकडे आहे ना?"

धाकट्यानं हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली.

"शेवटी शेवटी घरात इतकं शांत असायचं. आता मला त्याचा आवाज आठवतच नाही रे. तोंड आठवतं, हात आठवतात, आवाज येत नाही. मोबाइलवर गाणं लावून दिलं शेजारणीनं, पण त्यात ती वाजंत्री फार. मला नुसता तो पाहिजे. तुमचं भांडण होतं ते तुमच्यापाशी. मला नुसता आवाज दे."

दादा काउंटरच्या दुसऱ्या टोकाला होता. तो म्हणाला, "तो लॅपटॉप बंद पडला, काकू. कधीचाच."

"बघतो मी," धाकटा म्हणाला. "सकाळी आणून देतो."

रात्री जेवणं झाली. दादा म्हणाला, "कशाला जुनं उकरतोस?" धाकटा म्हणाला, "आई आहे ती," आणि वर गेला. अकराला थोडी मिनिटं कमी असतील.

खोली बंदच होती तेव्हापासून. गाद्यांना कुबट वास. लॅपटॉपवर धुळीचा थर. चार्जर लावला, थोडा वेळ वाट बघितली, आणि तो सुरू झाला. बंदबिंद काही पडला नव्हता. बॅटरी भरल्यावर त्यानं चार्जर काढला, कारण खोलीत एकच पॉइंट आणि त्याला दिवा लावायचा होता. मग भोंग्याची रेघ तेवढी वेगळी काढली, नुसता गळा, वाजंत्री नको, आणि पेनड्राइव्हवर उतरवली. पेनड्राइव्ह खिशात टाकला.

काम झालं होतं. उठायला हवं होतं.

पण माणसाचं मन. इतका राग होता तरी वाटलं, एकदा ऐकू. त्यानं हेडफोन घातले.

वाजंत्री काढली की गाणारा किती उघडा पडतो हे त्याला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. ओळ म्हणायच्या आधीचा श्वास. ओठ सुटल्याचा आवाज. खुर्ची किंचित करकरते ती. जणू भोंगा कानाशी तोंड आणून बसलाय. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला. एवढा गोड गळा, आणि असं करावं यानं?

गाणं संपलं. श्वास. मग, नेहमीसारखं, "कसं झालं?"

ते टेपमध्ये होतंच. दर गाण्याच्या शेवटी असायचं. धाकट्याला हसू आलं. पुढं त्याचं स्वतःचं "ठीक" यायला हवं होतं, लांबून, गिटार खाली ठेवल्याच्या आवाजासकट.

आलं नाही.

रेघ संपली होती. पडद्यावर सपाट. तरी हेडफोनमध्ये श्वास चालू होता.

आत… बाहेर.

त्यानं आवाज कमी केला. श्वास तेवढाच.

"कसं झालं?"

…मामा, माइक जोडलेला होता का, हेच विचारायचंय ना तुला? नव्हता. माइक केव्हाच विकून टाकला होता त्यानं. ऐक पुढं.

धाकटा हलला नाही. हेडफोन काढावेत असं वाटलं, पण हात उचलेना. आणि खरं सांगू, त्याला वाटलं, काढले आणि तरीही आवाज आला तर? म्हणून काढले नाहीत.

"कसं झालं?"

तिसऱ्यांदा. चिडून नाही. शांतपणे. जसा वाट बघणारा माणूस विचारतो.

"चांगलं झालं," धाकटा म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

श्वास थांबला.

"मग आला का नाहीस?"

दिवा चालू होता. घोंगडी खिडकीला होती. समोरची खुर्ची रिकामी होती. सगळं दिसत होतं, काही लपलेलं नव्हतं. त्यामुळंच जास्त भीती वाटली, असं तो म्हणायचा.

"मी आलो होतो तुझ्याकडे," हेडफोनमधला आवाज म्हणाला.

"…कधी?"

"गळा गेल्यावर. दुकानात."

"मला नाही भेटलास."

"दादा भेटला."

मग बराच वेळ काही नाही. श्वाससुद्धा नाही. धाकट्याला वाटलं, संपलं. त्यानं पडद्याकडं बघितलं. कोपऱ्यातलं लाल बटण पेटलं होतं. लॅपटॉप रेकॉर्डिंग करत होता. त्यानं काही दाबलं नव्हतं. खाली एक नवीन रेघ पुढं सरकत होती…

"चष्म्या. गाणी मी नाही दिली."

"मग कोणी दिली?"

गप्प.

"भोंग्या, कोणी दिली?"

"दादाला विचार."

धाकट्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. फेकले नाहीत, ठेवले. जिना उतरला. भीती वर राहिली होती. त्याला आठवत होतं, लॅपटॉप आणला कोणी, पहिल्यांदा सुरू करून दिला कोणी. 'तुला आणि मला सोडून कोण उघडतं,' असं त्यानं भोंग्याला विचारलं होतं. दादा त्याच्या हिशेबातच नव्हता. घरातला देव्हारा कोणी चोर म्हणून बघतो का?

दादा जागा होता. अंथरुणावर बसून होता, दिवा न लावता.

"दादा, गाणी नेटवर कोणी टाकली?"

दादानं लगेच 'मला काय माहीत' म्हटलं असतं तर कदाचित धाकट्यानं मानलंही असतं. इतकी वर्षं मानतच आला होता. पण दादा थांबला. आणि मग म्हणाला,

"कोणी सांगितलं तुला?"

झालं. तेवढं पुरे होतं.

"भोंग्यानं."

"तो मेलाय."

"आत्ता सांगितलं. वर."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घातली. "तू गेला असतास," म्हणाला. "तिकडं गेलेली माणसं परत येतात का? तू गेला असतास, आणि मी इथं काय, भिंतींना चष्मे घातले असते? मी गाणी काढून घेतली आणि सायबर कॅफेवाल्याकडून चढवून घेतली. त्याचं नाव घातलं. वाटलं, तुमचं फाटेल. दोन दिवस रडशील, मग विसरशील."

"माझं नाव काढून टाकलंस."

"तुला ठेवून घ्यायला काढलं."

"आणि तो दुकानात आला होता?"

दादानं उशी सरळ केली.

"आला होता का, दादा?"

"आला होता. गळ्याला रुमाल बांधून. आत बोट दाखवत होता, तुला बोलव म्हणून. तू मशीनवर होतास, तुला ऐकू गेलं नाही. त्याला हाक मारता येत नव्हती. मी शटर अर्धं ओढलं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग गेला."

धाकटा मला म्हणाला, "मला त्या वेळी राग आलाच नाही. राग परक्यावर येतो. मला वाटलं, पायाखाली जमीनच नाही, आणि ती कधी नव्हतीच." ज्याच्या मांडीवर लहानाचा मोठा झाला, ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मित्राच्या नावानं रडला, त्यानंच त्या वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. त्याला सारखा तो हातच आठवत होता.

त्यानं चपला घातल्या.

"कुठं निघालास एवढ्या रात्री?"

"तू वर जा," धाकटा म्हणाला. "तो बसलाय. त्याला सांग, तुझं माझं नातं काय होतं ते."

आणि निघून गेला. रस्ता रिकामा होता. दुकानांची शटरं बंद, एक कुत्रं फूटपाथवर पाय पसरून झोपलेलं. भोंग्याची आई दोन गल्ल्या पलीकडं राहायची. तिच्या पायरीवर तो सकाळपर्यंत बसून राहिला. भोंग्याला त्यानं किती वर्षं याच पायरीवरून हाक मारली असेल. त्या रात्री हाक मारावीशी वाटली, पण हिंमत झाली नाही. न जाणो, ओ आली तर.

सकाळी काकूंनी दार उघडलं. काही विचारलं नाही, चहा केला. धाकट्यानं शेजारणीच्या मुलीचा कॉम्प्युटर हेडफोनसकट मागून आणला आणि काकूंच्या कानाला हेडफोन लावले. म्हातारी डोळे मिटून बसली. गाणं चालू असताना एकदाच बोलली.

"इथं श्वास घेतला बघ."

दुसरं काही नाही. शेवटचं "कसं झालं?" तिला ऐकू आलं असणार, कारण तिनं मान हलवली, चांगलं झालं म्हणून. मग पुन्हा लाव म्हणाली. त्यानं पुन्हा लावलं.

तेवढ्यात दारात दादा. पायात चपला नाहीत. केस विस्कटलेले, चेहरा राखेसारखा. तो धाकट्याकडं बघतसुद्धा नव्हता. काकूंसमोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, शटरसकट. काही लपवलं नाही. काकूंनी हेडफोन गळ्यात घेऊन ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्या बाजारात त्याला चोर ठरवलंत, तिथं सांग."

आणि त्यानं सांगितलं. मी साक्षीला आहे. मी कुलूप काढत होतो तेव्हा तो माझ्याकडं आला. किराणावाल्याकडं गेला, न्हाव्याकडं गेला, औषधाच्या दुकानात गेला. प्रत्येकाला तेच. "भोंग्यानं चोरी केली नव्हती. मी केली होती." लोकांना आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग कळलं. त्या दिवसानंतर दादाकडं चष्म्याला गिऱ्हाईक यायचं, पण गप्पा मारायला कोणी थांबायचं नाही. रात्री वर गेला होतास का, काय झालं वर, हे मी त्याला एकदा विचारलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही.

धाकटा परत त्या घरात राहायला गेला नाही. काकूंच्या घरातली भोंग्याची खोली त्यानं भाड्यानं घेतली, दुसऱ्याच्या दुकानात काचा घासायला लागला. नेटवरची गाणी काढून त्यानं नव्यानं चढवली, दोघांच्या नावानं, भोंग्याचं आधी. दादाशी तो बोलला नाही, आजतागायत. रस्त्यात समोरासमोर आले तर दादा बाजूला होतो. मी त्याला म्हटलं, अरे, वाढवलं त्यानं तुला. तो म्हणाला, "हो ना काका. तेच तर."

मात्र लॅपटॉप वरच राहिला होता. पंधरा-वीस दिवसांनी मी तो त्याला आणून दिला. बॅटरी पार संपलेली. आम्ही दोघांनी मिळून चार्ज केला, माझ्या दुकानात, दिवसाढवळ्या. सुरू झाल्यावर पडद्यावर आलं, अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग सापडलं आहे, ठेवायचं का? धाकट्यानं 'हो' दाबलं.

लॅपटॉपच्या स्वतःच्या बारक्या माइकनं खोलीतलं सगळं टिपलं होतं. आधी धाकट्याचा आवाज. "…कधी?" मग गप्प. "मला नाही भेटलास." गप्प. "मग कोणी दिली?" त्या मधल्या जागांमध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी हेडफोन कानावर दाबून धरले. शांतता. पण पडद्यावर, त्याच जागांमध्ये, रेघ डोंगरासारखी उठलेली होती. माणूस भरल्या गळ्यानं बोलतो तेव्हा उठते तशी.

पुढं जिन्यात पावलं. दार. खुर्ची करकरली. मग दादाचा आवाज, अगदी बारीक.

"हो."

गप्प. रेघ उठलेली.

"हो… मीच."

पुन्हा. लांबलचक. रेघ उठतेय, बसतेय.

"नको… नको म्हणू असं… सांगतो. सकाळी सांगतो सगळ्यांना."

मग खुर्ची जोरात मागं सरकली. पावलं जिन्यावरून खाली गेली, पळत. खालचं दार वाजलं.

खोली रिकामी झाली. धाकटा काकूंच्या पायरीवर. दादा कुठं रस्त्यावर फिरत असेल. घरात कोणी नव्हतं.

धाकट्यानं बंद करायला हात पुढं केला. मी म्हटलं, थांब. आम्ही दोघं बघत राहिलो.

रेघ उठली.

ऐकू काही येत नव्हतं. रेघ उठत होती, बसत होती. मध्येच सपाट व्हायची, जरा वेळ तशीच राहायची… कोणी उत्तर देईल म्हणून थांबल्यासारखी… आणि पुन्हा उठायची. रेकॉर्डिंग पहाटेपर्यंतचं होतं. बॅटरी संपेपर्यंत.

शेवटपर्यंत रेघ उठत होती.